शुगर बॉर्डरवर आहे. किडनीचा विचार करताना हार्मोन्सबद्दल कुणी विचारतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

वय ४७. पंचविशीत पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबण्याच्या विकाराचं, निदान झालं होतं. दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली, बाळंत झाल्यावर खाली आली आणि मी ते विसरूनही गेले. गेल्या दीड वर्षापासून पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी तीन महिन्यांनी. मागच्या महिन्यात तपासण्या केल्या. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण दारात उभा आहे.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ०.८ आलं, त्यावर "किडनी एकदम छान" असं सांगण्यात आलं. पण त्याच तपासण्यांमध्ये लघवीतल्या अल्ब्युमिनचीही तपासणी होती. तो आकडा ४२ आहे आणि शेजारी जाड अक्षरात 'जास्त' असं छापलंय. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "तुम्हाला मधुमेह कुठे आहे? नका लक्ष देऊ."

पीसीओएस, बाळंतपणातली शुगर, आता जायला लागलेली पाळी. तिन्ही गोष्टी हार्मोन्सच्या. त्यांचा शुगरशी संबंध असतो हे ऐकून माहीत आहे. किडनीशी असतो का? आणि असेल तर माझ्या आजवरच्या एकाही डॉक्टरांनी हे दोन प्रश्न एका दमात का विचारले नाहीत?

दुसरी काळजी भावाची. वय ५१, पोट सुटलंय, शुगर माझ्यासारखीच बॉर्डरवर. त्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आलं. व्यायामशाळेत कुणीतरी सांगितलंय की इंजेक्शनं घे, शुगरही उतरेल. तो जवळजवळ तयार झालाय. जाणकारांनी कृपया लिहा.

पारवा

माझं एचबीए१सी ५.९. लघवीची अशी काही तपासणी असते हेच आज कळलं. वाचतोय.

नेफ्रॉन

रानजाई, मी किडनीविकारांचं काम करते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण बोलणं समजा. पण "नका लक्ष देऊ" हे मला पटलेलं नाही.

तुमचा ४२ म्हणजे बहुधा लघवीतलं अल्ब्युमिन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन, ज्याला आम्ही एसीआर म्हणतो. एकक दर ग्रॅमला मिलिग्रॅम. ३०च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे किडनीच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं झिरपतंय. हा आकडा वाढायला मधुमेहाचं लेबल लागावंच असं नाही. रक्तदाब, पोटावरची चरबी, बॉर्डरवरची साखर यांनीही तो हलतो.

मात्र एका आकड्यावर काहीच ठरवायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन वाढलेले आले तरच खरं मानायचं. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, चालू असलेली पाळी, यांपैकी कशानेही आकडा फुगतो. तुमची पाळी तेव्हा चालू होती का?

आता हार्मोन्स. किडनीच्या पेशींवर इस्ट्रोजेनचे आणि टेस्टोस्टेरॉनचे, दोघांचेही ग्राहक (रिसेप्टर) असतात, म्हणजे ही हार्मोन्स किडनीशी थेट बोलतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेन गाळणीच्या गुच्छात कोलॅजन, म्हणजे वण बनवणारं प्रथिन, साचू देत नाही, तर पुरुषी हार्मोन्स रक्तदाब वाढवणारी रेनिनची साखळी जास्त जागी ठेवतात. माणसांत एक विचित्र चित्र दिसतं. जुनाट किडनीविकार स्त्रियांमध्ये जास्त सापडतो, पण डायलिसिसपर्यंत पुरुष लवकर पोचतात. पाळी असेपर्यंत बाईला थोडं कवच असतं असं आम्ही म्हणतो. साखर वाढली की ते कवच पातळ होतं.

अजून एक निरीक्षण सांगते. लहानपणी टाइप १ मधुमेह झालेल्या मुलांना वयात येण्याआधी किडनीचा त्रास क्वचितच दिसतो. साखर आधीपासूनच वाढलेली असते, पण अल्ब्युमिन दिसायला लागतं ते पौगंडावस्थेनंतर. त्यात किती वर्षं मधुमेह आहे हाही भाग आहे. तरी वयात येणं हा एक टप्पा असतो हे जुन्या डॉक्टरांनाही जाणवलेलं आहे.

अभ्यासू_कासव

नेफ्रॉन यांच्या प्रतिसादाला जोडून. मी डॉक्टर नाही, पण बायकोच्या पीसीओएसमुळे गेली नऊ वर्षं हे वाचतोय.

साखर आणि सेक्स हार्मोन्स यांच्या मधला दुवा यकृतात आहे. यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन बनवतं. ते रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनला धरून ठेवतं. धरलेलं हार्मोन पेशींना सहज मिळत नाही, सुटं असेल ते मिळतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की इन्सुलिन वाढतं, यकृतात चरबी साठते आणि एसएचबीजी घटतं. बाईमध्ये त्यामुळे सुटं टेस्टोस्टेरॉन वाढतं: हनुवटीवर केस, मुरुमं, लांबलेली पाळी. शिवाय वाढलेलं इन्सुलिन ओव्हरीला आणखी टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. असं ते चक्र फिरत राहतं.

सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे दिशा उलटी असते. २००६ साली ४३ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या स्त्रियांना टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त, आणि टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या पुरुषांना कमी. एकच हार्मोन, दोन शरीरांत दोन अर्थ. एसएचबीजी कमी असणं मात्र दोघांनाही वाईट.

म्हणून रानजाई, तुमच्या आणि तुमच्या भावाच्या रिपोर्टला एकच मोजपट्टी लावू नका.

कोरांटी

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि मनापासून म्हणायचंय. आपण बायका आधीच तपासण्यांनी पिचलेल्या आहोत. आता साखर बॉर्डरवर असलेल्या प्रत्येकीने इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी सगळं मोजत बसायचं का? आकडा कळून करणार काय? उपाय तर तोच: चालणं, वजन, झोप.

अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला, बॉर्डरवरच्या ३,२३४ लोकांवर. निष्कर्ष २००२ साली आले. ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. हार्मोन मोजण्याची गरज कुठे पडली?

अभ्यासू_कासव

कोरांटी, उपायाबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्याच प्रोग्रॅममधली पुढची गोष्ट रानजाईंसाठी फार महत्त्वाची आहे. ज्या स्त्रियांना आधी बाळंतपणात मधुमेह झाला होता त्यांना वेगळं काढून पाहिलं, तर मेटफॉर्मिनने त्यांचा धोका जवळजवळ निम्मा झाला, जीवनशैली बदलून मिळाला तेवढाच. बाळंतपणं झाली पण तेव्हा मधुमेह नव्हता, अशा स्त्रियांना मेटफॉर्मिनचा फायदा अगदी थोडा.

म्हणजे हार्मोन मोजलं नाही तरी चालेल, पण पूर्वी काय झालं ते विचारलंच पाहिजे. फक्त "बाळंतपणात शुगर होती का?" एवढ्या प्रश्नाने औषधाचा निर्णय बदलू शकतो.

कोरांटी

हे मला माहीत नव्हतं. माझ्या धाकट्या जावेला तेव्हा शुगर होती. तिला हा धागा पाठवते.

चांदणचुरा

खूप वर्षं इथे नुसतीच वाचते. आज लिहावंसं वाटलं.

मी ३८ वर्षांची असताना रक्तस्राव थांबत नव्हता म्हणून 'पिशवी काढली'. सगळे तेच शब्द वापरतात. पुढे दोन महिन्यांत घामाचे लोंढे, झोप नाही, सांधे धरलेले. मला वाटलं ऑपरेशनचा अशक्तपणा. पंचेचाळिशीला शुगर बॉर्डरवर आली, पन्नाशीला मधुमेह. ५३ व्या वर्षी किडनीचा तिसरा टप्पा.

त्या पंधरा वर्षांत मी किती डॉक्टरांपुढे बसले असेन. ऑपरेशन झालंय का, हे सगळ्यांनी विचारलं. मी म्हणायचे, पिशवी काढलीय. ते लिहून घ्यायचे आणि पुढे जायचे. ओव्हरीज ठेवल्या होत्या की काढल्या, हे कुणीही विचारलं नाही. मलाही ते वेगळं असतं हे माहीत नव्हतं. कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण रानजाईंचा प्रश्न वाचला आणि रडू आलं.

नेफ्रॉन

चांदणचुरा ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

'पिशवी काढली' या दोन शब्दांत दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी लपतात. फक्त गर्भाशय काढलं तर पाळी बंद होते, पण ओव्हरीज हार्मोन्स बनवत राहतात. दोन्ही ओव्हरीज काढल्या तर इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जे काही वर्षांत होतं ते एका आठवड्यात. मिनेसोटातल्या ऑल्मस्टेड काउंटीतल्या स्त्रियांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली आला. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही ओव्हरीज काढलेल्या स्त्रियांमध्ये पुढे जुनाट किडनीविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. त्यावरून तुमच्या बाबतीत हेच कारण असं मी म्हणू शकत नाही, मधुमेह आणि रक्तदाबही आहेतच. पण हे विचारायला हवं होतं.

तुमचं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड असेल तर शोधा. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आता शोधून उपयोग आहे का, तर हो. हाडांचा आणि हृदयाचा विचार त्यावरून ठरतो.

वाटसरू

भावाच्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं दिसत नाही म्हणून लिहितो. इंजेक्शनबद्दल एवढं घाबरायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात १,००७ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. वय ५० ते ७४, कंबर मोठी, टेस्टोस्टेरॉन कमी, साखर बॉर्डरवर किंवा नुकताच मधुमेह लागलेला. सगळ्यांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला, निम्म्यांना शिवाय टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. दोन वर्षांनी इंजेक्शनवाल्यांत १२ टक्क्यांना मधुमेह, बाकीच्यांत २१ टक्क्यांना. फरक लहान नाही. रानजाईंच्या भावाचं वर्णन तंतोतंत असंच आहे.

निवांत

वाटसरू, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत, पण अर्धे आहेत. त्याच अभ्यासात इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचं रक्त प्रमाणाबाहेर दाट झालं, हिमॅटोक्रिट ५४च्या वर. त्याने गुठळीचा धोका वाढतो.

२०२३ साली अमेरिकेतून एक मोठी चाचणी आली, ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवर, टेस्टोस्टेरॉनच्या जेलची. हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक वाढले नाहीत. पण किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनच्या जेलवाल्यांत २.३ टक्के आणि औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत १.५ टक्के. फुप्फुसात गुठळी आणि हृदयाची अनियमित लय हेही जास्त. त्याच चाचणीतल्या बॉर्डरवरच्या पुरुषांचा वेगळा हिशेब पुढच्या वर्षी आला, त्यात नुसत्या टेस्टोस्टेरॉनने मधुमेह टळला नाही. आहार-व्यायामाची जोड नव्हती.

मी हे एवढं वाचलंय कारण मी ते भोगलंय. ३२ व्या वर्षी व्यायामशाळेतल्या ओळखीतून इंजेक्शनं घेतली, डॉक्टरांना न विचारता, अभ्यासातल्या मात्रेच्या कितीतरी पट. शरीर दिसायला सुरेख झालं. आठ महिन्यांनी लघवीला फेस यायला लागला. क्रिएटिनिन १.६. बायोप्सी झाली, गाळणीच्या गुच्छांवर वण पडलेले होते. २०१० साली दहा शरीरसौष्ठवपटूंचं असंच वर्णन छापून आलं होतं, ते माझ्या डॉक्टरांनी मला दाखवलं. इंजेक्शनं बंद केली, वजन उतरवलं, प्रथिन जाणं पुष्कळ कमी झालं. वण राहिलेच.

रानजाई, भावाला माझा हा प्रतिसाद वाचायला द्या. हवं तर मला निरोप करायला सांगा, मी बोलेन त्याच्याशी.

वाटसरू

निवांत, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. माझं म्हणणं डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या उपचाराबद्दल होतं, पण ते मी नीट लिहिलं नाही. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, लक्षणं आहेत, तपासणी करून डॉक्टर देतायत, ते वेगळं. शुगर उतरवायला म्हणून घ्यायचं नाही, हे मान्य.

नमुना_क्रमांक

मी २२ वर्षं प्रयोगशाळेत आहे. नमुना चुकीच्या वेळी दिला की पुढची सगळी चर्चा वाया जाते, म्हणून चार शब्द.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, दुपारनंतर उतरतं. नमुना सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. एका दुपारच्या रिपोर्टवर आयुष्यभराचं इंजेक्शन सुरू झालेलं मी पाहिलंय. पोट सुटलेल्या माणसाचं एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं आणि सुटं मात्र ठीक असू शकतं. तेही बघायला सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर नमुना देताना सांगा, काही यंत्रांवर हार्मोनचे आकडे त्याने चुकतात.

एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. आणि ताया-मावशांनो, पाळी चालू असेल तर बिनधास्त सांगा. आम्ही दुसरी तारीख देतो. लाजून नमुना देऊन जाणाऱ्या पुष्कळ असतात आणि मग महिनाभर घाबरत बसतात.

पारवा

नमुना_क्रमांक, क्रिएटिनिनबद्दलही सांगा ना. रानजाईंचं ०.८ म्हणजे छान, हे तरी खरं ना?

नेफ्रॉन

याचं उत्तर मी देते, कारण हार्मोन्सचा मुद्दा इथेच सगळ्यात जास्त नजरेआड होतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू किती, हे बऱ्याच अंशी हार्मोन्सवर ठरतं. म्हणून किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, ईजीएफआर, काढताना वयाबरोबर स्त्री की पुरुष हेही घालावं लागतं. २०२१च्या सूत्राने मी आत्ता मांडून पाहिलं. वय ४७, क्रिएटिनिन ०.८: बाईचा ईजीएफआर साधारण ९१, पुरुषाचा ११०. क्रिएटिनिन १.१ धरलं तर बाईचा साधारण ६२ आणि पुरुषाचा ८३. हा १.१ कितीतरी रिपोर्टांत सरसकट 'नॉर्मल' म्हणून छापला जातो. तीच बाई ६०च्या, म्हणजे किडनीविकाराच्या, उंबरठ्यावर उभी असते आणि कुणी तिला सांगत नाही. रानजाई, तुमचा ९१ ठीक आहे. फक्त तो ४२ला खोडून काढत नाही. गाळणी वेगाने चालत असतानाही गळू शकते. उलट साखर वाढण्याच्या सुरुवातीच्या काळात ती जास्तच वेगाने चालते.

सांजवेळ

नेफ्रॉन, इथे विचारू का? मी ट्रान्स पुरुष आहे. सहा वर्षं टेस्टोस्टेरॉनवर, डॉक्टरांच्या देखरेखीत. वडिलांना मधुमेह, माझं एचबीए१सी ५.८. क्रिएटिनिन आधी ०.७ होतं, आता १.०. एका रिपोर्टवर मला स्त्री धरून ईजीएफआर काढलाय, दुसऱ्यावर पुरुष धरून. दोन आकड्यांत एवढा फरक आहे की एकावर मी निरोगी आणि दुसऱ्यावर काळजीचा. कुठला खरा?

नेफ्रॉन

सांजवेळ, अवश्य विचारा, हा याच धाग्यातला प्रश्न आहे.

टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर स्नायू वाढतात आणि क्रिएटिनिन वर जातं. किडनी बिघडली नसली तरी जातं. सहा वर्षांनंतर तुमचे स्नायू स्त्रीच्या सूत्रात बसणार नाहीत. तरी दोन्ही सूत्रांनी आकडा काढून शेजारी शेजारी लिहावा आणि सिस्टॅटिन सी हे रक्तातलं प्रथिन मोजावं. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. थायरॉइड, लठ्ठपणा, धूम्रपान, स्टेरॉइडची औषधं यांनी तेही हलतं, म्हणून तेवढं सांगून ठेवा. आणि एसीआर. रक्तदाबही दर वेळी बघायला सांगा.

सांजवेळ

मनापासून आभार. हा प्रश्न गेली दोन वर्षं घेऊन फिरत होतो.

सोनसळी

मग पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर किडनीचं ते कवच परत मिळेल का? ५२ वय, शुगर बॉर्डरवर, घामाने झोपेचं खोबरं झालंय. सरळ प्रश्न आहे.

नेफ्रॉन

सरळ उत्तर: किडनीसाठी म्हणून नाही. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्या स्त्रियांत मधुमेह सुमारे एकपंचमांशाने कमी झाला, हे खरं. पण त्या चाचणीचा तो भाग २००२ साली मध्येच थांबवावा लागला, स्तनाचा कर्करोग, स्ट्रोक आणि गुठळ्या वाढल्या म्हणून. पाळी गेल्यावर लवकर, घाम आणि झोपेच्या त्रासासाठी, धोका तोलून घेणं हा पूर्ण वेगळा विचार आहे आणि तुम्ही तो तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर करा. त्रास सोसत बसू नका. फक्त त्यांना साखर आणि एसीआर दोन्ही सांगा.

मुक्तछंद

एक उलटी बाजू कुणीच मांडली नाही. किडनी बिघडली की हार्मोन्सही बिघडतात. माझा नवरा तीन वर्षं डायलिसिसवर आहे. त्याचं टेस्टोस्टेरॉन निम्म्यावर आलंय. डायलिसिसवरच्या पुरुषांत हे अगदी नेहमीचं आहे असं आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही मीच धीर करून विचारलं म्हणून. तोवर आम्ही दोघंही आपापल्या मनात स्वतःलाच दोष देत होतो. शेजारच्या खाटेवरच्या मुलीची पाळी ३४ व्या वर्षी थांबलीय. तिच्याशीही कुणी त्याबद्दल बोलत नाही.

चांदणचुरा

मुक्तछंद, तुम्हा दोघांना खूप बळ मिळो.

अभ्यासू_कासव

थोडं अवांतर. पीसीओएसमध्ये चेहऱ्यावरच्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते पुरुषी हार्मोनला अडवतं. तेच औषध हृदयासाठी आणि रक्तदाबासाठीही देतात आणि त्याने पोटॅशियम वाढतं. बायकोला त्वचेच्या डॉक्टरांनी दिलं आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांनी दुसरं पोटॅशियम वाढवणारं औषध दिलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पोटॅशियम ५.९ निघालं, म्हणजे खूपच जास्त. आता आम्ही सगळी औषधं एकाच कागदावर लिहून नेतो.

कोरांटी

तोच कागद पुढे न्या की. पाळी कधी सुरू झाली, पीसीओएस होता का, बाळंतपणात शुगर किंवा रक्तदाब वाढला होता का, गर्भाशय आणि ओव्हरीज यांपैकी नक्की काय काढलं, पाळी कधी गेली, कोणती हार्मोनची औषधं घेतली. पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन घेतलं असेल तर ते, व्यायामशाळेतलंसुद्धा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं चालू असतील तर तीही, त्यांनी साखर वाढते. सुरुवातीला मी तपासण्यांना विरोध केला होता, तो अजूनही आहे. पण हे लिहून न्यायला सुईसुद्धा लागत नाही.

नेफ्रॉन

कोरांटी, हे छापून माझ्या बाहेरच्या खोलीत लावते. बाळंतपणातल्या रक्तदाबाचं लिहिलंत हे फार चांगलं. प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा विकार, झालेल्या स्त्रियांना पुढे किडनीचा धोका जास्त असतो आणि तीस वर्षांनी ते कुणाच्याच लक्षात नसतं.

रानजाई

धागा वर काढतेय. मधे साडेतीन महिने गेले. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा, काहींचे चारदा वाचले.

नेफ्रॉन, तुम्ही विचारलं होतं. हो, पहिला नमुना देताना पाळी नुकतीच संपत होती. मी ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे मला वाटलं होतं की आता आकडा खाली येईल. पाळीपासून लांबच्या तारखेला, सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन नमुने दिले, सहा आठवड्यांच्या अंतराने. ३६ आणि ३४. म्हणजे खरंच आहे.

डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांपुढे कोरांटींचा कागद भरून ठेवला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "दुसऱ्या बाळंतपणात शुगर किती होती?" मला भरून आलं. घरी आठवडाभर रक्तदाब मोजायला लावला, सकाळचे आकडे १३८/८८च्या आसपास निघाले. रक्तदाबाची गोळी सुरू केली, किडनीलाही जपणारी. ती देण्याआधी गरोदर राहण्याची शक्यता आहे का, हे नीट विचारलं, कारण पाळी अजून पूर्ण गेलेली नाही आणि गरोदरपणात ती गोळी चालत नाही. मेटफॉर्मिनही सुरू झालं. हार्मोन्स मोजायला सांगितलीच नाहीत, म्हणाले, "तुमचा इतिहासच पुरेसा आहे." वजन चार किलो उतरलंय. पुढचा एसीआर तीन महिन्यांनी.

भाऊ: निवांत त्याच्याशी तासभर बोलले. त्याचा पहिला नमुना दुपारी चार वाजता दिलेला होता! सकाळी दोनदा दिला, एकूण टेस्टोस्टेरॉन जेमतेम आणि सुटं व्यवस्थित. इंजेक्शन घेतलं नाही. सहा किलो वजन उतरवल्यावर एकूणही वर आलंय. त्याचा एसीआर ११. निवांत, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

निवांत

उपकार कसले. रोज संध्याकाळी चालतो म्हणाला होता, चालतोय ना?

रानजाई

चालतोय. मीही बरोबर असते.

पारवा

माझा एसीआर ८. सकाळचा नमुना, आदल्या दिवशी धावलो नव्हतो. बायकोचाही करून घेतला, तिचा ५५ आला. तिची शुगर तर साधी नॉर्मल आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा देणार आहे. बाळंतपणात तिचा रक्तदाब वाढला होता, हे तिच्या आईला विचारल्यावर कळलं.

चांदणचुरा

कपाटातल्या सगळ्यात खालच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड सापडलं. शाई फिकट झालीय, पण वाचता येतं. गर्भाशय आणि दोन्ही ओव्हरीज. मुलीने फोटो काढून माझ्या किडनीच्या डॉक्टरांना पाठवला. त्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी सांगितलीय आणि माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लिहून घेतलंय, वय ३८ असं गोल करून.